परभणीत वर्षभर टियागो ईव्ही: मेव्हण्याच्या पेट्रोल टियागोशी मांडलेला हिशेब

परभणीचं पेट्रोल राज्यात महागड्यात गणलं जातं. डेपो तिकडे मनमाडजवळ पानेवाडीला, तिथून टँकर इथवर यायचं भाडं आपल्याच लिटरवर बसतं. मी हे लिहितोय तेव्हा लिटरमागे १०६ रुपयांच्या वर जातात. त्यामुळे इथला माणूस इलेक्ट्रिक गाडीचं नाव काढतो तेव्हा त्याच्या डोक्यात पर्यावरण वगैरे फारसं नसतं, पंपावरचं मीटर असतं. माझंही तेच होतं.

मागच्या वर्षी, २०२५ ला, संक्रांतीनंतर टाटाची टियागो ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक टियागो, घेतली, २४ किलोवॅट-अवर बॅटरीची. नोकरी मानवतला बँकेत, राहायला परभणीत. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात, शिवाय गावातली कामं आणि पाहुणेरावळे. महिन्याला सरासरी दीड हजार किलोमीटर पडतात. योगायोग असा की सेलूच्या माझ्या मेव्हण्यानं त्याच सुमारास पेट्रोलची टियागो घेतली, जवळपास त्याच दर्जाच्या मॉडेलची. सांगाडा एकच, काचा-दारं-सीटा त्याच, फरक फक्त बॉनेटखाली. तुलनेला याहून सोयीचं काही मिळालं नसतं.

आधी खरेदी. शोरूमची किंमत पाहून घाबरायचं नाही, ऑन रोड किंमत मागायची. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के मोटार वाहन कर भरावा लागतो, इलेक्ट्रिकला तो माफ आहे. तरीसुद्धा माझी गाडी हातात पडेपर्यंत मेव्हण्यापेक्षा सव्वातीन लाख जास्त गेले. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. इलेक्ट्रिकचा पाच टक्के होता तो पाचच राहिला. म्हणजे आज कोणी घेणार असेल तर त्याला ही दरी माझ्यापेक्षा रुंद दिसेल. कंपन्या दोन्हीकडे सवलती देतात, म्हणून दोन्ही कोटेशनं एकाच आठवड्यात काढून शेजारी ठेवा.

विक्रेता आयकरातली ८०ईईबी, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावरची वजावट, सांगेल. मलाही सांगितली होती, तीही मोठ्या आत्मविश्वासानं. ती वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. ऐकून घ्यावं, हिशेबात धरू नये.

आता मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "बिल किती येतं?"

याचं एकच उत्तर देता येत नाही, आणि "किलोमीटरला एक रुपया" असं ठोकून देणाऱ्यानं स्वतःचं वीजबिल उलटून पाहिलेलं नसतं. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतात: शंभर युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्याच्या वर चौथा. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं की पहिल्या टप्प्यात युनिट सातच्या आसपास पडतं, दुसऱ्यात तेराच्या, तिसऱ्यात साडेसोळा-सतराच्या. पहिले शंभर युनिट तर फ्रिज, पंखे आणि पाण्याची मोटर खाऊन टाकतात. गाडीच्या वाट्याला येतात ती वरची, महागडी युनिटं.

आमचं घर गाडीशिवाय महिन्याला दीडशे युनिटं घेतं. गाडीला भिंतीच्या सॉकेटमधून दोनशे दहाच्या आसपास लागतात. (डॅशबोर्ड कमी दाखवतो, कारण चार्ज होताना वाया जाणारी वीज तो मोजत नाही. मी चार्जिंगच्या लाइनवर वेगळा सब-मीटर बसवला आहे, स्वस्तातला. त्याच्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार.) त्या दोनशे दहातली दीडशे तेरानं आणि साठेक सतरानं, म्हणजे तीन हजारांच्या आत-बाहेर. किलोमीटरला दोन रुपये. एप्रिल-मे-जूनमध्ये घरातला एसी चालू झाला की घरच तीनशेला टेकतं, मग गाडीची सगळी युनिटं वरच्या टप्प्यात जातात आणि तोच आकडा सव्वादोनच्या पुढे सरकतो.

मेव्हण्याची गाडी परभणी-सेलू रस्त्यावर साडेसतराचं ॲव्हरेज देते. किलोमीटरला सहा रुपये झाले. दीड हजार किलोमीटरला नऊ हजारांच्या वर. म्हणजे मला महिन्याला सहा हजार सुटतात, वर्षाला सत्तर-बहात्तर हजार. ऐकायला छान वाटतं. पण सव्वातीन लाख जादा मी काही कपाटातून काढून दिले नव्हते, कर्जातच गेले. नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर एवढ्या रकमेवर ऐंशी हजार व्याज होतं. म्हणजे वसूल करायचे सव्वातीन नाहीत, चार लाखांच्या वर. बँकेत बसून दिवसभर लोकांना व्याज समजावून सांगणाऱ्यानं स्वतःच्या गाडीच्या वेळी ते विसरायचं नसतं. सगळं धरून माझी जादा रक्कम साडेपाच ते सहा वर्षांत फिटेल. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. माझ्या वापरानं आठ वर्षांत दीड लाखाच्या आतच होतील. म्हणजे वॉरंटीच्या आत निव्वळ फायद्याची दोन-अडीच वर्षं. तोटा नाही, पण लॉटरीही नाही.

आणि मेव्हण्याचा वापर घ्या. त्याचं कृषी सेवा केंद्र घराखालीच. गाडी बाहेर निघते ती लग्नाला, दवाखान्याला, कधी तुळजापूरला. महिन्याला पाचशे किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. त्यानं इलेक्ट्रिक घेतली असती तर वर्षाला पंचवीस हजार वाचले असते आणि व्याजासकट जादा रक्कम फिटायला सोळा वर्षं लागली असती. त्यानं पेट्रोल घेतली ते बरोबरच केलं. हे मी त्याच्या तोंडावर म्हणत नाही, कारण मग जेवताना दुसरा विषय निघत नाही.

सर्व्हिसिंगवर फार लिहिण्यासारखं नाही. ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाहीत. माझं वर्षाचं तीन हजारांत भागलं, त्याचे साडेपाच गेले. विम्यात मात्र गंमत आहे. थर्ड पार्टीचा हप्ता इलेक्ट्रिकला कमी: माझ्या गटाला वर्षाला २,९०४, त्याच्या १,००० ते १,५०० सीसी गटाला ३,४१६. पण गाडीची किंमत जास्त असल्यामुळे स्वतःच्या नुकसानीचा भाग असा काही वाढतो की शेवटी मीच तीन-चार हजार जास्त भरतो. सर्व्हिसिंगमध्ये वाचलेलं विमा घेऊन जातो. टायरचंही लक्षात ठेवा: गाडी दीडेकशे किलोनं जड आहे आणि पेडलला पाय लागताच ओढ घेते. पुढचे टायर मेव्हण्याच्या गाडीपेक्षा जास्त घासलेले दिसतात.

घरच्या वायरिंगचा खर्च कोणत्याच जाहिरातीत नसतो. पंधरा अँपियरचं सॉकेट आठ-नऊ तास सलग पूर्ण ताकदीनं चालणार, म्हणजे जुन्या घराच्या वायरी चालत नाहीत. त्यात अर्थिंग. आमच्याकडच्या कित्येक घरांत अर्थिंग म्हणजे प्लगमधलं तिसरं भोक, एवढंच. चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसला तेव्हा वायरमननं टेस्टर लावून सांगितलं, "साहेब, अर्थिंगच नाही की तुमच्या घराला." नवा खड्डा, मीठ-कोळसा, तांब्याची पट्टी, मीटरपासून चार एमएमची वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि मंजूर भार वाढवायचा अर्ज. सगळं मिळून पंधरा हजारांच्या आसपास गेले. उन्हाळ्यात त्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचं काम आता आमच्या मुलाकडे आहे. काळी माती मे महिन्यात भेगाळते, तेव्हा हे टाळून चालत नाही.

रेंजबद्दल थोडक्यात. थंडीत सकाळी एसीशिवाय पूर्ण चार्जवर दोनशेच्या वर सहज जाते. मे महिन्यात पारा ४३-४४ वर, एसी पूर्ण, तेव्हा १८० धरून चालायचं. समृद्धीवर ११० नं सोडली तर दीडशे. रोजच्या साठ किलोमीटरला यातलं काहीच आडवं येत नाही. मी एक दिवसाआड रात्री अकरानंतर लावतो, तेव्हा उन्हाचा ताप उतरलेला असतो आणि व्होल्टेजही बरं असतं. संध्याकाळी सात-आठला सगळ्या गल्लीचे कूलर चालू असताना लावली तर चार्जिंग मधेच तुटतं.

लांबचा प्रवास हा खरा मुद्दा. छत्रपती संभाजीनगर आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या घरात. एका दमात जाईल की नाही, याचा विचार करत जाणं म्हणजे जीव टांगणीला लावणं, म्हणून मी जालन्यात थांबतोच. फास्ट चार्जरवर १० ते ८० टक्के व्हायला तासभर लागतो, तोही चार्जर चालू असला तर आणि आपल्या आधी कोणी नसलं तर. एका पंपावर बोर्ड होता, मशीन होतं, वीज होती, पण ॲपमध्ये पैसे भरल्यावर "पुन्हा प्रयत्न करा" एवढंच येत राहिलं. ते पैसे अजून त्या ॲपच्या वॉलेटमध्ये पडून आहेत. बाहेरचं युनिट वीसच्या आगेमागे पडतं, म्हणजे किलोमीटरला तीन रुपयांच्या जवळपास. रस्त्यावर चार्ज करून फिरणाऱ्याची बचत तिथेच पाव हिश्शानं कमी होते. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. पण परभणीकराला समृद्धी लागते जालन्याला, तिथपर्यंतचा रस्ता आपला आपणच काढायचा.

लग्नसराईत मेव्हण्याचा फोन ठरलेला: "दाजी, निघायलाव का अजून चार्जिंगच चालू हाय?" एकदा त्यांच्या शेतावर मुक्काम होता. त्यानं बोरवेलच्या स्टार्टरकडे बोट दाखवलं, "इथं लावा की, शेतीचं बिल माफ हाय." हसून सोडून दिलं. शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करणं हा विजेचा अनधिकृत वापर होतो आणि वीज कायद्याच्या कलम १२६ खाली त्याचं वेगळं बिल येतं. शिवाय तिथली लाइन कधी दिवसा असते, कधी रात्री.

दिवाळीनंतर छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजारांचं अनुदान आहे. ऊन चांगलं असलं की दिवसाला बाराच्या आसपास युनिटं होतात, नेट मीटरमुळे दिवसाची वीज रात्रीच्या चार्जिंगला वळती होते, आणि बिल आता नावापुरतं उरलं आहे. काही जण यावर "गाडी फुकटात पळते" असं म्हणतात. ते मला पटत नाही. पॅनेलचे पैसे मीच दिलेत, ती वेगळी गुंतवणूक आहे आणि तिचा हिशेब वेगळ्या पानावर. एवढं मात्र खरं, की नुसत्या दीडशे युनिटांच्या घराला सोलर बसवून फिटायला बराच काळ गेला असता. गाडीची महागडी युनिटं आल्यामुळे ते लवकर फिटेल. ज्यांना सोलर घ्यायचंच आहे त्यांनी आधी सोलर, मग गाडी असा क्रम ठेवावा. मी उलटा ठेवला, कारण गाडीला कर्ज लगेच मिळत होतं.

राहिली विकायची गोष्ट. कुतूहल म्हणून नांदेडला जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे दोन्ही गाड्यांची किंमत विचारली. मेव्हण्याच्या गाडीला त्यानं उभ्या उभ्या आकडा सांगितला. माझ्या गाडीभोवती फिरला, बॅटरी किती टक्के राहिली विचारलं, मग म्हणाला, "ही घेऊन मी कोणाला विकू?" फारच गळ घातल्यावर जो भाव बोलला तो मी दिलेल्या किमतीच्या निम्माही नव्हता, गाडी एक वर्षाची असताना. म्हणून वरचे सगळे आकडे मी आठ वर्षं ही गाडी वापरायची असं धरून मांडले आहेत. दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल तर त्यातला एकही आकडा तुमच्या कामाचा नाही. सध्या या भागात तुम्ही पेट्रोलचीच घ्या.