पळायला लागल्यावर काटा वर गेला : बॉडी कॉम्पोझिशन वजनकाट्याचा सहा महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबर ते मार्च, रोज सकाळी, एकच काटा. वापरणारे दोघं, आणि दोघांनीही पळणं ऑक्टोबरातच नव्यानं सुरू केलेलं. काटा हल्ली सगळीकडे मिळतो तसाच आहे. वर जाड काच, तिच्यावर धातूचे चार पट्टे, आणि ब्लूटूथवरून फोनवर वजन, चरबी, स्नायू, पाणी, हाडं असे दहा-बारा आकडे. कंपनीचं नाव देत नाही, कारण या वर्गातल्या काट्यांची आतली रचना जवळपास एकच असते आणि पुढचं बहुतेक सगळं त्यातल्या कुठल्याही काट्याला लागू पडेल. पळण्यासाठी घेतला होता जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये तयार केलेला ‘काउच टू फाइव्ह के’ हा नवशिक्याला पाच किलोमीटर पळण्यापर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम. आठवड्यातून तीनदा, मधे एक दिवस सुट्टी. जागा शिवाजी पार्क, रविवारी मरीन ड्राइव्ह.

काट्याबद्दलचं मत आधीच सांगतो: वजनाचा आकडा विश्वासाचा, बाकीचे जवळजवळ सगळे सोडून द्यावेत असे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पळणं सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे काटा बहुधा वरच जातो. एक-दीड किलो सहज. नेमके याच टप्प्यावर अनेक जण पळणं सोडून देतात, आणि ते बघून जीव हळहळतो, कारण तेव्हा शरीरात चाललेलं सगळं योग्यच असतं.

आधी हिशोब करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दोन आठवड्यांत दीड किलो चरबी चढायची तर रोज गरजेपेक्षा सव्वाआठशे कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात, म्हणजे नेहमीच्या जेवणावर रोज पावणेतीन-तीन वडापाव. तसं खाल्लं असेल तर ते ज्याचं त्याला माहीत असतं. खाल्लं नसेल तर वाढलेलं वजन चरबीचं नाही, पाण्याचं आहे.

हे पाणी तीन ठिकाणी साठतं. पहिलं, स्नायूंमध्ये ग्लायकोजनसोबत, म्हणजे इंधन म्हणून साठवलेल्या साखरेसोबत. पळायला लागलं की स्नायू पुढच्या खेपेसाठी इंधन जास्त साठवायला शिकतात, आणि एक ग्रॅम ग्लायकोजन आपल्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा दीडशे ग्रॅमनं वाढला की काट्यावर सहाशे ग्रॅम दिसतात. दुसरं, दुखऱ्या पोटऱ्या-मांड्यांमध्ये. सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुरुस्तीसाठी तिथे पाणी जमतं. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि वजनही त्याच सुमारास वर असतं. तिसरं, रक्तात. सहनशक्तीचा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, दहा ते वीस टक्क्यांनी वाढू शकतो. प्लाझ्मा मुळात तीनेक लिटर, म्हणजे तीनशे ते सहाशे मिलिलिटरची भर. उष्ण, दमट हवेत पळणाऱ्यांमध्ये हा बदल ठळक असतो, कारण शरीराला घामाचीही सोय करायची असते. मुंबईत ऑक्टोबरच्या उकाड्यात सुरुवात केली तर तिन्ही कारणं एकदम येतात.

आता काट्याची खरी गडबड इथे आहे. तो चरबी मोजत नाही. तळपायांतून सूक्ष्म विद्युतप्रवाह एका पायातून वर पाठवतो, दुसऱ्यातून खाली घेतो आणि त्याला किती अडथळा झाला ते बघतो. पाणी असलेल्या भागातून प्रवाह सहज जातो, चरबीतून कष्टानं. प्रवाह मुख्यतः पाय आणि ओटीपोटातूनच फिरतो, वरच्या धडाचा आणि हातांचा अंदाज वय, उंची, लिंग यांच्या सूत्रावरून बांधलेला असतो. त्यामुळे नवं साठलेलं पाणी तो बिनदिक्कत स्नायूंच्या खात्यात जमा करतो. दुसऱ्या आठवड्यात ॲप ‘स्नायू एक किलोनं वाढले’ असं सांगेल. ते खरं मानू नका. पळण्यानं दोन आठवड्यांत किलोभर स्नायू चढत नाहीत. उलट पळून आल्या आल्या ओल्या, गरम पायांनी उभं राहिलं तर अडथळा कमी होतो आणि चरबी दोन-तीन टक्क्यांनी घटलेली दिसू शकते. टाचांना भेगा असतील, कातडी कोरडी असेल तर उलटा परिणाम. हाडांचं वजन आणि ‘मेटाबॉलिक वय’ हे आकडे मोजलेले नसून सूत्रातून काढलेले असतात, त्यांवर एक मिनिटही घालवू नये. ‘ॲथलीट मोड’, म्हणजे ॲपमधली मुरलेल्या खेळाडूंसाठीची सेटिंग, नवशिक्यानं लावूच नये. त्यानं फक्त सूत्र बदलतं आणि चरबी एका रात्रीत उतरल्याचा भास होतो.

वजनाचा आकडा मात्र नीट वापरला तर शंभर-दोनशे ग्रॅमच्या आत बसतो. नीट म्हणजे काय, तर सगळ्यात आधी जागा. आपल्याकडे काटा बाथरूमच्या दाराशी ठेवायची सवय असते आणि तिथली फरशी जाळीकडे उतरती असते. काट्याच्या चारही पायांत वजन मोजणारे सेन्सर असतात. एक पाय अधांतरी राहिला किंवा टाइलच्या सांध्यात बसला की अर्धा किलो इकडे-तिकडे होतो. सपाट, कोरडी फरशी शोधा, खाली पायपुसणं नको, आणि जागा कायम तीच ठेवा. हलवला तर एकदा पायानं दाबून शून्य येऊ द्या आणि मगच चढा.

काटा बरोबर आहे का, हे घरीच तपासता येतं. आधी नुसते उभे राहा, मग पाच किलोची न फोडलेली आट्याची पिशवी हातात घेऊन. फरक पाच किलोच्या आसपास यायला हवा. नुसती पिशवी काट्यावर ठेवून उपयोग नाही, इतक्या कमी वजनाला बरेच काटे जागेच होत नाहीत. याच पिशवीचा दुसरा उपयोग असा की, काही काट्यांना मागचा आकडा लक्षात ठेवायची खोड असते. दुसऱ्यांदा वजन थोडंसंच वेगळं आलं तर ते जुनाच आकडा पुन्हा दाखवतात आणि काटा अगदी अचूक असल्यासारखं वाटतं. मधे एकदा पिशवी घेऊन चढा, मग नुसते चढा, खरा फरक दिसेल.

वेळ म्हणजे सकाळी, शौचाहून आल्यावर, चहाच्या आधी, पळायला जाण्याआधी, त्याच प्रकारच्या कपड्यांत. रोज नोंद करा, पण रोजच्या आकड्यावर काही ठरवू नका. सात दिवसांची बेरीज भागिले सात, आणि तुलना फक्त या सरासरीची मागच्या आठवड्याच्या सरासरीशी. पाळीच्या आधीच्या दिवसांत अर्धा ते दोन किलो वजन वर जाणं सामान्य आहे, म्हणून बायकांनी तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या चक्रातल्या त्याच दिवसांशी करावी. हे ॲपमध्ये होत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात, दुधाच्या खाड्यांशेजारी पेन्सिलीनं आकडा लिहिणं जास्त कामाचं ठरलं.

काट्याच्या जोडीला शिंप्याची टेप हवीच. बेंबीच्या पातळीवर, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. वजन स्थिर आणि घेर कमी होत असेल तर काम चालू आहे. आपल्याकडच्या माणसांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात, आणि माझ्या मते हे आकडे वजनापेक्षा जास्त जपावेत.

सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत पाण्याची भर थांबलेली असते. त्यानंतरही सरासरी चढतच असेल आणि टेपही सैल पडत नसेल, तर मात्र पाण्याला दोष देऊ नये. तिथून पुढचं कारण ताटात असतं.

कारण पळण्यानं जळणाऱ्या कॅलरी लोकांच्या अंदाजापेक्षा फारच कमी असतात. ढोबळ नियम असा: पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे एक कॅलरी. ७० किलोच्या माणसानं पाच किलोमीटर पळलं की साडेतीनशे. पण या कार्यक्रमाच्या पहिल्या आठवड्यात पाच किलोमीटर नसतातच. पाच मिनिटं भरभर चालणं, मग वीस मिनिटं ६० सेकंद पळणं आणि ९० सेकंद चालणं, म्हणजे प्रत्यक्ष पळणं फक्त आठ मिनिटं. चालणं धरूनही एका खेपेला दीडशे-पावणेदोनशे कॅलरी. तिन्ही दिवसांचे मिळून दोन वडापावसुद्धा भरत नाहीत. मनगटावरच्या घड्याळावर तर मुळीच भिस्त ठेवू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७ मधल्या अभ्यासात सात उपकरणं तपासली होती, त्यातलं कॅलरी मोजण्यात सगळ्यात चांगलंसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं.

उलट पळून आल्यावरची भूक खरी असते आणि मैदानाबाहेर सोय हात जोडून उभी असते. एक वडापाव तीनशेच्या आसपास, उसाच्या रसाचा मोठा ग्लास दीडशेच्या आसपास, घरच्या पोह्यांवर नकळत पडलेलं चमचाभर जास्तीचं तेल पंचेचाळीस. शहाळ्याचं पाणी त्या मानानं हलकं, ग्लासाला चाळीस-पन्नास. पळण्याआधी अर्धं केळं आणि आल्यावर नेहमीचाच नाश्ता, तेवढ्याच मापात, हे पाच किलोमीटरपर्यंत पुरतं. सरसकट प्रोटीन पावडर नको. क्रिएटिन घेत असाल तर त्यानंही स्नायूंत पाणी धरून किलो-दोन किलो चढतात, हे लक्षात असू द्या.

आणखी एक गळती दिसत नाही. पळून आलं की उरलेल्या दिवसात माणूस कमी हलतो. स्टेशनपर्यंत चालणारा रिक्षा धरतो, दोन मजले चढणारा लिफ्टसाठी थांबतो, रविवारची दुपार झोपेत जाते. पळण्यात जाळलेल्या दीडशे-पावणेदोनशे कॅलरी अशा परत येतात. फोनवर रोजची पावलं बघा. पळण्याच्या दिवशीची पावलं, पळणं वजा करून, बाकीच्या दिवसांइतकी असायला हवीत.

मिठाचं स्वतंत्र सांगायला हवं. घाम जातो म्हणून पळून आल्यावर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, वरून ओआरएस, जेवणात लोणचं-पापड, असं सुरू होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लिटरभर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि दिवसभराचं सगळं मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं अशी त्याच संघटनेची शिफारस आहे. अर्ध्या तासाच्या पळण्याला ओआरएस लागत नाही, पाणी पुरतं. जास्तीचं मीठ पाणी धरतं आणि दुसऱ्या सकाळी काटा वर.

घाम मोजायला मात्र हा काटा फार उपयोगी पडला, आणि माझ्या मते त्याचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा आधी ७०.४, नंतर ६९.६ आणि मधे ३०० मिलिलिटर पाणी प्यायलं, तर घाम गेला १.१ लिटर. ही घट चरबीची नाही, सगळी परत भरायची आहे: उरलेल्या ८०० ग्रॅमच्या तुटीसाठी पुढच्या काही तासांत लिटर ते सव्वा लिटर, थोडं थोडं करून. आणि पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं, तर पाणी गरजेपेक्षा जास्त प्यायलं गेलं. लांब पल्ल्याला ही चूक धोक्याची आहे, रक्तातलं सोडियम उतरतं.

पोटऱ्या दुखतात म्हणून पळण्याआधी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेणारे मैदानावर बरेच भेटतात. या गोळ्यांमुळे मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात, वजन वाढतं, आणि घामानं शरीर कोरडं पडलेलं असताना मूत्रपिंडांवर ताणही येतो. दुखत असेल तर त्या दिवशी चाला, किंवा मागच्या आठवड्याचा पाठ पुन्हा करा. पाचव्या आठवड्यातला तिसरा दिवस, सलग वीस मिनिटांचा, बहुतेकांना जड जातो. तिथे आठवडा पुन्हा करण्यात काहीच बिघडत नाही.

काही वेळा थांबून डॉक्टरांकडे जायलाच हवं. नडगीवर अंगठा दाबला आणि खळगा तसाच राहिला, सकाळी चेहरा सुजलेला असला, आडवं पडल्यावर धाप लागली, किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ झाली, तर ते पळण्याचं पाणी समजू नका. ॲम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळीनं घोटे सुजतात, स्टेरॉइडनंही वजन वाढतं. थकवा, बद्धकोष्ठता, गारवा सहन न होणं आणि वाढतं वजन एकत्र असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्यावी. पेसमेकर असलेल्यांनी हा काटा वापरू नये. गरोदरपणी साध्या काट्यावरच वजन करावं.

सहा महिन्यांत काट्याची तक्रार एकच. बॅटरी उतरली की तो बंद पडण्याआधी काही दिवस भलतेच आकडे देतो. सलग दोन दिवस किलोभर फरक दिसला तर आधी सेल बदलून बघा. ओल्या पायांनी काचेवर चढू नका, ती भयंकर निसरडी होते. घरात साधा डिजिटल काटा आधीच असेल तर हा नवा घ्यायची गरज नाही, टेप घ्या.

जूनमध्ये पाऊस लागला की पळण्यात खंड पडेल, तेव्हाही हेच गणित उलटं चालेल. दहा दिवस न पळता, जेवण तेवढंच ठेवून, वजन अर्धा-एक किलोनं खाली आलेलं दिसू शकतं. प्लाझ्मा आटतो, ग्लायकोजनचा साठा आणि त्याचं पाणी कमी होतं. टेपवर मात्र तेव्हा काहीच हललेलं नसतं, आणि पुन्हा मैदानावर गेलात की तो किलो पंधरवड्यात परत येतो.