पर्लमधील निनावी फंक्शन्स: वापरून पाहिल्यानंतरचा अभिप्राय

लॉग फाइली चाळणे, अहवाल काढणे यांसारख्या कामांसाठी पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा वापरायची की नाही, हे ठरवताना तिच्या रेग्युलर एक्स्प्रेशन्सपेक्षा (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीपेक्षा) निनावी फंक्शन्स अधिक बारकाईने पाहावीत, असे माझे मत आहे. 1994 मध्ये आलेल्या पर्ल 5 पासून फंक्शनला नाव न देता त्याचा रेफरन्स, म्हणजे त्याच्याकडे बोट दाखवणारी किंमत, व्हेरिएबलमध्ये ठेवता येतो, दुसऱ्या फंक्शनकडे पाठवता येतो आणि हॅशमध्येही (नाव आणि किंमत यांच्या जोड्यांच्या तक्त्यात) साठवता येतो.

यांतला हॅशचा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘जोडा’, ‘काढा’, ‘दाखवा’ अशा आज्ञा घेणाऱ्या स्क्रिप्टमध्ये इफ-एल्सिफची रांग लावण्याऐवजी प्रत्येक आज्ञेसमोर एकेक कोड रेफरन्स ठेवला, की आलेला शब्द हॅशमध्ये आहे का हे तपासायचे आणि बाण व कंस लावून तो रेफरन्स चालवायचा, एवढेच काम उरते. नवी आज्ञा वाढवायची तर हॅशमध्ये एक नोंद पुरते. शिवाय हॅशमध्ये नसलेला शब्द काहीच चालवू शकत नसल्याने बाहेरून येणाऱ्या मजकुराची धास्तीही कमी होते.

क्लोजर, म्हणजे भोवतालची व्हेरिएबल्स धरून ठेवणारी फंक्शन्स, हीही चोख आहेत. ‘माय’ने घोषित केलेले फोरीच लूपचे व्हेरिएबल प्रत्येक फेरीत वेगळे धरले जाते, त्यामुळे जावास्क्रिप्टमध्ये ‘व्हार’ वापरणाऱ्यांना सर्व फंक्शन्समध्ये शेवटचीच किंमत सापडते, तसा प्रकार येथे घडत नाही.

उणिवा मात्र आहेत. अँपरसँड लावून, पण कंस न देता फंक्शन बोलावले, तर चालू फंक्शनचेच आर्ग्युमेंट्स (त्याला दिलेल्या किमती) मुकाट्याने पुढे जातात. एरर आली की स्टॅक ट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्या यादीत) सगळीकडे ‘अ‍ॅनॉन’ हेच नाव दिसते, आणि मग ओळ क्रमांकांवरून माग काढत बसावे लागते. सर्वांत त्रासदायक आहे ते रिकर्शन: निनावी फंक्शनने स्वतःलाच बोलावण्यासाठी बाहेरच्या व्हेरिएबलचा आधार घेतला, तर रेफरन्सचे वर्तुळ तयार होते, ज्या मोजणीवरून पर्ल मेमरी मोकळी करते ती रेफरन्सची मोजणी शून्यावर येत नाही आणि मेमरी अडकून राहते. 2012 च्या 5.16 आवृत्तीत फंक्शनला स्वतःचा रेफरन्स मिळवण्याची सोय आली, तेव्हा हा प्रश्न सुटला; इतक्या मूलभूत गोष्टीला अठरा वर्षे लागावीत, हे मात्र खटकते.

फंक्शनच्या कंसातच आर्ग्युमेंट्सची नावे देणाऱ्या सिग्नेचर्स 2022 च्या 5.36 आवृत्तीपासून प्रायोगिक राहिलेल्या नाहीत. सेंटओएस 7 या लिनक्स प्रणालीसोबत मात्र 5.16 हीच आवृत्ती येते, म्हणून तशा जुन्या सर्व्हरसाठी लिहिताना आर्ग्युमेंट्स एकेक करून काढणाऱ्या ‘शिफ्ट’वरच भागवावे.