सूपरलूपर बरेच महिने वापरल्यावर, मुख्यतः त्यातल्या कमांड्सबद्दल

लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तोच पुन्हा पुन्हा फिरवणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर, घ्यायचा विषय निघाला की लोक आधी विचारतात किती मिनिटं रेकॉर्ड होतं, किती ट्रॅक आहेत, स्टिरिओ आहे का. इतके महिने वापरून माझं मत असं झालंय की हे सगळं नंतरचं, आधी बघायचं ते लूप एकदा फिरायला लागला की त्यात बदल करायला काय काय दिलंय, आणि कुठलं बटण काय करणार हे न बघता लक्षात राहतं का. कारण माझा एक हात पेटीच्या भात्यावर असतो, एक सुरांवर, कमांड द्यायला उरतो फक्त पाय.

मी कथकच्या क्लासला आणि तबल्याच्या रियाजाला पेटीवर लेहरा धरतो, म्हणजे तालाचं एक आवर्तन भरणारी धून सतत वाजवत राहतो. पेटीसमोर एक कंडेन्सर माइक, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस, लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप आणि खाली पायाने दाबून लॅपटॉपला कमांड पाठवायचा मिडी फूट कंट्रोलर, एवढाच संसार. सूपरलूपर हे लॅपटॉपवर चालणारं लूपर सॉफ्टवेअर, जेसी चॅपेल यांनी लिहिलंय, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, लिनक्सवर जॅक या ऑडिओ जोडणाऱ्या प्रोग्राममधून चालतं आणि मॅकवरही चालतं. दिसायला अगदी साधं, पण त्यातल्या कमांड्स ज्याने ठरवल्या त्याला लाइव्ह वाजवणाऱ्याची अडचण आतून माहीत होती हे पहिल्या आठवड्यातच कळतं.

त्या कमांड्सचं मूळ १९९०च्या दशकातल्या एकोप्लेक्स डिजिटल प्रो या रॅकमध्ये बसवायच्या लूपर यंत्रात आहे, ओबरहाइमच्या नावाने आलेला, त्यामागचं डोकं मातियास ग्रोब यांचं. त्याआधी १९७०च्या दशकात गिटारवादक रॉबर्ट फ्रिप वगैरे मंडळी दोन टेप मशीन्स शेजारी ठेवून लूप करायची, एकावर रेकॉर्ड होऊन टेप दुसऱ्यावर जायची, तिथे वाजलेला आवाज पुन्हा पहिल्यावर. त्यात थर चढवता यायचे आणि जुना थर हळूहळू विरायचा, पण लूपची लांबी म्हणजे दोन मशीनमधलं अंतर, वाजवता वाजवता ती कशी बदलणार. आवाज मेमरीत आला तेव्हा लांबी बदलणं शक्य झालं आणि मग त्या क्रियांना नावं द्यायची वेळ आली: मल्टिप्लाय, इन्सर्ट, रिप्लेस. सूपरलूपरने हीच नावं उचलली आणि ते फार बरं केलं, कारण यातलं शिकलेलं दुसऱ्या चांगल्या लूपरवरही कामाला येतं.

आता मल्टिप्लाय, माझ्यासाठी यातली सगळ्यात भारी गोष्ट. तीनतालाचं एक आवर्तन रेकॉर्ड करतो, लय मिनिटाला ९६ मात्रा ठेवली तर सोळा मात्रा बरोबर १० सेकंदात बसतात. मग मल्टिप्लाय दाबायचं, खाली तेच आवर्तन पुन्हा पुन्हा वाजत राहतं आणि वर मी चार आवर्तनांची लांब ओळ वाजवतो, चौथ्यात कुठेही परत दाबलं तरी ते थांबतं आवर्तन पुरं झाल्यावरच. म्हणजे लूप ४० सेकंदांचा झाला, सम एकदाही हलली नाही, आणि सायकल, म्हणजे मूळचं एक आवर्तन, अजून १० सेकंदांचीच आहे हे प्रोग्रामला माहीत आहे. आपल्या आवर्तनाच्या हिशोबात हे इतकं चपखल बसतं की वेगळं काही शिकावंच लागत नाही. नको असेल तर अनडू, की परत एकट्या आवर्तनावर. साध्या एका बटणाच्या पेडलवर ओव्हरडब, म्हणजे जुन्यावर नवा थर चढवणं, असतो, पण तिथे पहिल्यांदा जेवढा लूप घेतला तेवढ्यातच सगळं कोंबावं लागतं, दहा सेकंदात चाळीस सेकंदांचं गाणं कसं मावणार.

इन्सर्टचा उपयोग मला उशिरा सापडला आणि आता तबल्याच्या पोरांसाठी रोज करतो. लेहरा फिरतोय, क्वांटाइझ (कमांड कुठल्या ठोक्याला लागू व्हायची ते ठरवणारं सेटिंग) सायकलवर, इन्सर्ट दाबायचं आणि काहीही वाजवायचं नाही. लूपमध्ये एक रिकामं आवर्तन घुसतं, मग एक आवर्तन लेहरा, एक आवर्तन शांतता, असं फिरत राहतं. त्या शांततेत पोराने ठेका स्वतःच्या अंगाने धरायचा आणि लेहरा परत येईल तेव्हा समेवर असायचं. पहिल्या दिवशी सगळे पळतात, हळूहळू बसतं. दोन-दोन आवर्तनं रिकामी टाकली की भल्याभल्यांची लय कळते.

रिप्लेस आणि सबस्टिट्यूट या जोडीबद्दल मात्र मला तक्रार आहे, कामाबद्दल नाही, नावांबद्दल. दोन्हीत लांबी तीच राहते, दोन्हीत जुनं जाऊन नवं येतं. फरक असा की रिप्लेस चालू असताना जुना आवाज लगेच बंद होतो आणि सबस्टिट्यूटमध्ये तो त्या फेरीत ऐकू येत राहतो, पुढच्या फेरीपासून जातो. वाजवणाऱ्याला हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. समजा चंद्रकंसच्या लेहऱ्यात खालीपासून चार मात्रा, नववी ते बारावी, मला वेगळ्या वाजवायच्या आहेत आणि समोर मुली नाचतायत. रिप्लेस केलं तर त्या चार मात्रा लेहरा गायब, मी काय वाजवेन तेवढंच ऐकू येणार. सबस्टिट्यूट केलं तर जुन्याला धरून मी नवं वाजवतो, नाचणाऱ्यांना फक्त थोडी गर्दी ऐकू येते आणि पुढच्या आवर्तनाला जागा स्वच्छ. इतका मोठा फरक नावातून अजिबात कळत नाही, दोन नावं एकमेकांच्या जागी ठेवली तरी चालतील अशी आहेत. माझ्या मते अशा कमांडच्या नावाने दोन गोष्टी सांगाव्यात, लूपची लांबी बदलणार का आणि जुन्या आवाजाचं आत्ता काय होणार. मल्टिप्लाय आणि इन्सर्ट पहिली तरी नीट सांगतात, ही दोघं दुसरी सांगत नाहीत. मी सबस्टिट्यूट उजव्या टोकाला ठेवलंय आणि रिप्लेस कंट्रोलरवरून काढूनच टाकलंय.

अशा चार मात्रांच्या कामाला क्वांटाइझ सायकलवरून काढून आठव्या भागावर, म्हणजे आपल्या अर्ध्या मात्रेवर, आणावं लागतं, नाहीतर कमांड पुढच्या समेपर्यंत वाट बघत बसते. एका सायकलमध्ये किती आठवे भाग हे आपण ठरवायचं, तीनतालाला ३२, रूपकला १४. सात मात्रांना चारच्या पटीत कोंबावं लागत नाही, हे ज्यांनी वेस्टर्न डोक्याने बनवलेली मशिन्स वापरलीत त्यांना विचारा किती सुख आहे.

अजून एक बारीक गोष्ट, मिडी जोडताना कमांडला सस हा प्रकार देता येतो, म्हणजे पाय दाबून ठेवला तोवर चालू, उचलला की बंद. सबस्टिट्यूटला हाच द्या. चार मात्रांच्या कामासाठी दोनदा दाबायचं लक्षात ठेवण्यापेक्षा पाय ठेवला-उचलला हे अंगात लवकर मुरतं. उलट मल्टिप्लायला साधा प्रकारच बरा, चार आवर्तनं पाय दाबून कोण बसणार. फूट कंट्रोलर मात्र बरा घ्या. मी आधी एक स्वस्तातला घेतलेला, एकदा दाबलं की कधी कधी दोनदा सिग्नल जायचा, आणि कमांड सुरू होऊन तिथल्या तिथे बंद.

फीडबॅक, म्हणजे दर फेरीला जुना आवाज किती उरवायचा ते, ८० टक्क्यांवर ठेवून ओव्हरडब चालू ठेवला की जुना थर तीन फेऱ्यांत साधारण अर्ध्यावर येतो, आलापासारखं काही करताना छान वाटतं. नुसत्या प्लेबॅकमध्ये हा फीडबॅक आपोआप लागत नाही, त्याचं वेगळं सेटिंग आहे, मी ते बंदच ठेवतो, लेहरा विरून चालत नाही. लेटन्सीची, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून जाऊन येताना होणाऱ्या उशिराची, सेटिंग्ज पहिल्याच दिवशी नीट लावून घ्या, नाहीतर प्रत्येक थर किंचित मागे पडतो आणि चौथ्या थराला पेटी चिखलात वाजतेय असं वाटतं.

राहिली लय वाढवण्याची गोष्ट, कथकमध्ये ती हवीच. यात टाइम स्ट्रेच आहे, लूप न बदलता वेग वाढवता येतो, सूर तोच राहतो. ९६ वरून शंभर-एकशेचारपर्यंत पेटीचा आवाज बरा राहतो, त्यापुढे सुरांच्या सुरुवातीला एक थरथर यायला लागते जी तबलावाल्यांना चालते पण गाणाऱ्याच्या कानाला खटकते. मी तिथवर स्ट्रेच करतो, मग दुसऱ्या लूपवर चढ्या लयीत नवीन आवर्तन घेतो आणि समेवर पहिला म्यूट करतो.