स्पितीला जाताय? परमिटच्या नावाने पैसे देऊ नका

मे महिन्यात हिमाचलमधल्या स्पितीचा प्लान असेल तर हे नीट वाचा, आईवडील ग्रुप टूरने जाणार असतील तर नक्कीच वाचा. पुण्यातल्या एका टूरवाल्याने, मराठी माणूस, बोलायला एकदम गोड, आमच्याकडून माणशी 5,500 रुपये "एक्स्ट्रा" म्हणून उकळले. त्यात इनर लाइन परमिट (सीमेजवळच्या भागात जायचा सरकारी परवाना) 1,800, रोहतांग परमिट 700, मठात पूजा 500 आणि चंद्रताल तलावाजवळचे टेंट 2,500.

आता एकेक बघू. स्पितीसाठी भारतीयांना इनर लाइन परमिट लागतच नाही! किन्नौरकडून, म्हणजे शिमल्याच्या बाजूने येताना परदेशी लोकांना लागतं, आपल्याला आधार कार्ड पुरतं. आम्हाला त्याने लॅमिनेट केलेला कागद दिला होता, वर सिंहाचं चित्र पुसट झालेलं, माझ्या सासऱ्यांचं आडनाव चुकलेलं आणि सहीच्या जागी नुसता निळा गोल शिक्का. सुमडोच्या चेकपोस्टवर तो दाखवला तर पोलिसाने उलटसुलट करून बघितला आणि हसत परत दिला, म्हणाला ये किसने दिया, आधार दिखाओ. सासरे बिचारे इतके ओशाळले, खरं तर लाज त्या टूरवाल्याला वाटायला हवी होती.

रोहतांग परमिटचं तसंच. ते रोहतांग पासवर, म्हणजे त्या खिंडीत गाडी नेणाऱ्यांसाठी. मनाली ते काझा (स्पितीतलं मुख्य गाव) प्रवास अटल टनेलमधून केला, जो 2020 पासून चालू आहे, तर त्याची गरज नाही.

पण सगळ्यात मोठी फसवणूक चंद्रतालची. काझाहून मनालीला जायचं तर साडेचार हजार मीटरवरचा कुंझुम पास ओलांडावा लागतो, तो हिवाळाभर बर्फाने बंद असतो आणि साधारण मेअखेर किंवा जूनमध्ये उघडतो, चंद्रतालचा रस्ताही त्यानंतरच. आमचं बुकिंग मेच्या पहिल्या आठवड्याचं! काझात पोचल्यावर हा फोनवर सांगतो, "अहो वहिनी, अचानक बर्फ पडला, नैसर्गिक आपत्ती आहे, रिफंड नाही मिळणार." होमस्टेच्या ताईंनी सांगितलं की पास यावर्षी अजून उघडलेलाच नाही, अचानक कसला बंद होणार. आल्या रस्त्याने, म्हणजे रेकाँग पिओमार्गे शिमल्याला परत फिरलो.

आणि ती 500ची पूजा, ती तर मला सर्वात जास्त लागली. 'की' नावाच्या गोम्पात, म्हणजे मठात, एका तरुण लामाने आम्हाला आत नेऊन बसवलं, गरम चहा दिला, एक पैसा मागितला नाही, पूजेचं विचारलं तर त्याला काहीच माहीत नव्हतं. ताबोला 996 सालचा मठ, हजार वर्षांची भिंतीवरची चित्रं, आत फोटो काढायचा नाही एवढंच सांगतात. त्या लोकांच्या नावावर पैसे खाणं म्हणजे हद्द झाली.

बुकिंग करताना प्रत्येक परमिट कुठल्या ऑफिसचं, कोणाच्या नावाने, ते लेखी मागा. पास उघडलाय का ते काझातल्या एखाद्या होमस्टेला सरळ फोन करून विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि पास बंद निघाला तर टेंटचे पैसे परत, हे व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या.

आम्ही 1915 वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि तो लॅमिनेट केलेला कागदही दिलाय. त्यानंतर त्याचा फोन आला, अर्धे पैसे देतो पण सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज काढा. मेसेज काढलेला नाही, पूर्ण पैसे मिळेपर्यंत तक्रारही मागे घेणार नाही.