छोट्या गाडीचं डोलणं: शॉकअप, बुश आणि टायर बदलल्यानंतरचे नऊ महिने

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यापासून माझी शाळा २६ किलोमीटरवर आहे. आठशे सीसीच्या आतली एक छोटी गाडी घेऊन मी रोज जाते-येते. गाडी २०१५ सालची, मी २०२० मध्ये जुनी घेतलेली. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत तिचं सस्पेंशन, म्हणजे चाकं आणि गाडीच्या अंगामधली धक्के झेलणारी रचना, बरंचसं नवं करून घेतलं, तेव्हा मीटरवर ७४,००० होते. आता जुलै संपत आलाय आणि मीटर ८५,४०० दाखवतोय. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्याचा पहिला दणका असं सगळं मध्ये येऊन गेलं, म्हणून आता लिहिते.

गाडीच्या कंपनीचं नाव देत नाही. इतकं चालल्यावर रबर मरणारच, त्यात कंपनीचा दोष नाही. शिवाय या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची मांडणी सारखीच असते: पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), मागे कॉइल स्प्रिंग, बारीक चाकं, हलकं वजन.

आधी रस्त्याबद्दल, कारण आपल्या भागातला त्रास पुण्या-मुंबईच्या माणसाला लवकर कळत नाही. आमच्या सडकेवर खड्डे तसे कमी आहेत. पण सडक काळ्या भारी जमिनीवर बसलीय. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, त्या भेगांत हात जातो. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्याने वरचं डांबर न फुटताही लाटांसारखं वर-खाली होतं. दुरून सडक सपाट दिसते, गाडी मात्र नावेसारखी डोलते.

माझी गाडी ५५ ते ६० च्या वेगात सगळ्यात जास्त डोलायची, ४० वर बरी वाटायची. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे हे डोक्यात घोळत राहिलं. एका रविवारी गाडी कडेला लावून लाटा पावलांनी मोजल्या. एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंत साधारण १२ मीटर भरले. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे सेकंदाला दीडच्या आतबाहेर लाटा. गाडीचं अंग स्प्रिंगवर स्वतःहून डोलतं तेही सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा. दोन्ही ताल जुळले की प्रत्येक लाट आधीच्या डोलण्यात भर घालते. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यावर होतं, तेच. हे डोलणं थांबवायचं काम शॉकअपचं. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते, शॉकअप तोच धक्का तेलातून दाबून त्याची उष्णता करून टाकतो. माझ्या गाडीचे शॉकअप हे काम करतच नव्हते.

ते कळायला मला उशीर झाला आणि मध्ये एक चूक केली. आईला मणक्याचा त्रास आहे, महिन्यातून एकदा तिला यवतमाळला दाखवायला न्यावं लागतं. मागे ती, बहीण आणि एखादं पोतं असलं की गाडी मागून बसायची आणि ब्रेकरवर पोट घासायची. कुणीतरी सुचवलं म्हणून १,६०० रुपयांचे रबरी बफर मागच्या स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवून घेतले. गाडी उंच झाली खरी. पण बफरने स्प्रिंगचे एक-दोन वेढे अडवले की उरलेली स्प्रिंग कडक होते आणि तिला हलायला जागा कमी उरते. कडक स्प्रिंगला आवरणारा शॉकअप जुना, थकलेला. परिणाम असा की रिकामी गाडी गिट्टीच्या रस्त्यावर मागून उड्या मारायला लागली. वळणात एखादा उंचवटा आला तर मागचं अंग बाजूला सरकायचं. आईला त्या महिन्यात जास्त त्रास झाला, आणि ते माझ्यामुळे झालं याचं मला अजून वाईट वाटतं. बफर घ्यायचा विचार करत असाल तर आधी शॉकअप तपासा, एवढंच कळकळीने सांगते.

तपासायची रीत सोपी आहे. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबायचा आणि सोडायचा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. माझी अडीच-तीन वेळा हलली. यवतमाळच्या एका जुन्या मिस्त्रींनी हेच केलं, मग गाडी उचलून पहारीने खालचे आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे दांडे) हलवून दाखवले. "मॅडम, इस्प्रिंगले काहीच झालं नाही. शॉकअप बसले अन् रबर मेलं. हे बफर काढा बरं आधी." पुढच्या उजव्या स्ट्रटवर तेलाचा ओघळ होता. या लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, चिरले होते, त्यामुळे ब्रेक लावला की चाक थोडं मागे सरकायचं आणि गाडी डावीकडे ओढायची. स्ट्रट वर गाडीच्या अंगाला जिथे टेकतो, त्या माउंटचं बेअरिंग घट्ट झालं होतं. वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ यायला हवं, ते येत नव्हतं. मी तो दोष चार वर्षं गाडीचा स्वभाव समजत होते.

जास्त कडक, स्पोर्ट्स म्हणून विकले जाणारे भाग मी घेतले नाहीत. कंपनीच्याच मापाचे, गॅस भरलेले शॉकअप चारही बाजूंना घेतले. गॅसचा अर्थ आत तेल नाही असा नव्हे. काम तेलच करतं, वरून नायट्रोजनचा हलका दाब असतो. सतत धक्के बसले की साध्या शॉकअपमधल्या तेलाला फेस येतो आणि फेसाला जोर नसतो. त्या दाबामुळे फेस कमी होतो. लाटांच्या सडकेवर पाच-सहा किलोमीटर गेल्यावर हा फरक जाणवतो, पहिल्या अर्ध्या किलोमीटरात नाही.

खर्च सांगते. पुढचे स्ट्रट ३,६००, मागचे शॉकअप १,८००, वरचे माउंट, बेअरिंग, धुळीचे रबरी बूट आणि बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारे गुटके) मिळून १,९००, दोन्ही लोअर आर्म पूर्ण २,१००, मजुरी १,८००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ७००. एकूण ११,९००. धुळीच्या बुटात पैसे वाचवू नका. तो फाटला की आपल्याकडचा चिखल शॉकअपच्या दांड्यावर बसतो, दांडा ओरखडतो, मग सील जातं आणि नवा शॉकअप वर्षभरात गळतो.

बसवतानाची एक गोष्ट मिस्त्रींनी न सांगता केली, म्हणून त्यांच्याबद्दल आदर वाटतो. लोअर आर्मच्या बुशचे नट त्यांनी गाडी हवेत लटकलेली असताना पूर्ण आवळले नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर शेवटचा आवळ दिला. लटकत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तुमचं काम चालू असेल तेव्हा जवळ थांबून एवढं बघा.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त जाणवलं ते स्टीअरिंग. शकुंतला, आमच्याकडची जुनी छोटी रेल्वे, आता धावत नाही, पण तिचे रूळ एका ठिकाणी आमच्या सडकेत रुतलेले आहेत, तेही वळणाच्या तोंडावर. तिथे गाडी दरवेळी अर्धा हात बाजूला उडायची आणि मी आधीपासून स्टीअरिंग उलट धरून ठेवायची. आता धक्का बसतो, आवाजही होतो, पण गाडी आपली रेघ सोडत नाही. त्या ६० च्या वेगातल्या लाटांवर गाडी एकदा वर जाते, एकदा खाली येते, संपलं.

डिसेंबरात संध्याकाळी परत येताना पऱ्हाटीच्या (कापसाच्या) वावरातून एक रोही (नीलगाय) सडकेवर आला. समोरून कापसाची बंडी, त्यामुळे उजवीकडे जागा नव्हती. ब्रेक दाबत गाडी डावीकडे कडेला घेतली आणि लगेच परत सडकेवर आणली. पूर्वी अशा डाव्या-उजव्या झटक्यात गाडीचं अंग आधी एकीकडे पूर्ण झुकायचं, मग दुसरीकडे फेकलं जायचं आणि मागचं चाक हलकं व्हायचं. या वेळी ती झुकली आणि तिथेच सावरली. घरी येऊन मी बराच वेळ अंगणात बसून होते. ११,९०० रुपये त्या एका संध्याकाळी वसूल झाले असं मी मानते.

काय बदललं नाही, तेही लिहायला हवं. मार्चमध्ये परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलो. घाटातल्या लांब वळणात गाडी जेवढी झुकायची तेवढीच झुकते. शेवटी किती झुकायचं ते स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं आवरणारा दांडा) ठरवतात, शॉकअप फक्त झुकण्याचा वेग ठरवतो. म्हणून घाटात गाडी सावकाश झुकते, दचकवत नाही, पण सपाटही राहत नाही. तसं हवं असेल तर कडक स्प्रिंग लागतील आणि मग आईला मागे बसवता येणार नाही. मी आई निवडली.

टायर जानेवारीत बदलले, पुढचे दोनच काढून दोन नवे घेतले, ५,६०० ला. जुने सात वर्षांचे होते, नक्षी शिल्लक होती पण रबर लाकडासारखं झालेलं. ओल्या सडकेवरचा ब्रेक याने सुधारला, शॉकअपने नाही. नव्या चांगल्या नक्षीची जोडी मागे असावी असा टायरवाल्याचा सल्ला होता, तो पटला, म्हणून नवे मागे आणि मागचे त्यातल्या त्यात बरे पुढे घेतले. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरते. पंक्चरच्या दुकानात न विचारता ३८-४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून देतात. तेवढ्या हवेत टायर फुगून मधल्याच पट्ट्यावर चालतो, पकड जाते आणि नव्या शॉकअपचा अर्धा फायदा तिथेच संपतो. साडेतीनशे रुपयांचा हवेचा गेज डिकीत ठेवलाय.

समृद्धीवर कारंज्याहून चढून दोनदा नागपूरला गेले. काँक्रीट सपाट असल्यामुळे तिथे डोलण्याचा प्रश्न नव्हताच. ९० पर्यंत गाडी निवांत चालते. बाजूने मोठा ट्रक गेला की वाऱ्याने अजूनही ढकलली जाते. हलक्या, उंच गाडीचं ते असायचंच, कुठल्याही शॉकअपने ते जाणार नाही.

तक्रारी दोन. मागचा डावा शॉकअप फेब्रुवारीत गळायला लागला. दुकानदाराने बिल बघून बदलून दिला, पण त्यासाठी दोन खेपा आणि एक रजा गेली. बिल जपून ठेवा. दुसरं म्हणजे मे महिन्यात, ४४-४५ अंशांच्या उन्हात, पुढून उजवीकडे कटकट आवाज सुरू झाला. वरच्या माउंटचा नट सैल झाला होता, पाच मिनिटांत आवळला. काम झाल्यावर हजारभर किलोमीटरने सगळे नट एकदा बघून घ्यायला हवे होते, ते मी केलं नव्हतं. बाकी सावकाश वेगात बारीक गिट्टीवर गाडी आधीपेक्षा किंचित कडक लागते. पांदण रस्त्याने वावरात जाताना ते कळतं. सवय झाली.

शाळेजवळची पोरं विचारतात, स्प्रिंग कापून गाडी खाली घ्यायची का, मोठी चाकं टाकायची का. आपल्या ब्रेकरांवर आणि पांदणीवर खाली घेतलेली गाडी पोटावर चालेल. कापलेली स्प्रिंग चाक खाली लटकलं की जागेवरून सुटूही शकते. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करण्यावर बंधन आहे. झिजलेला भाग काढून त्याच मापाचा नवा लावणं त्यात येत नाही.

आईला पहिल्यांदा यवतमाळला नेलं तेव्हा अर्ध्या वाटेत तिने विचारलं होतं, "सडक नवी केली काय वं?" त्यानंतर दोनदा ती मागे आडवी होऊन आली.

मागच्या आर्मचे बुश अजून जुनेच आहेत. मिस्त्री म्हणाले होते, वर्षभर निघतील. गेल्या आठवड्यात भरल्या गाडीने ब्रेकर ओलांडताना मागून एक बारीक कुरकुर ऐकू आली, म्हणून येत्या दिवाळीच्या सुट्टीत तेवढं काम करून घेणार आहे.