मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल: एका बाइंडरचा अभिप्राय

बेळगावच्या शहापुरात माझं बाइंडिंगचं दुकान आहे, वडलांच्या वेळचं. शाळेच्या वह्या, सोसायटीच्या खतावण्या, वकिलांची जाडजूड पुस्तकं, सगळं या हातांखालून गेलंय. त्यामुळं कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी त्याचा कणा बघतो, मजकुराचं नंतर. जन्मानं ख्रिस्ती असूनही बायबलाच्या बाबतीत माझं वेगळं काही नाही.

चष्म्याचा नंबर वाढला आणि घरातल्या जुन्या प्रतीतल्या ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या, म्हणून मोठ्या अक्षरांचं घ्यायचं ठरवलं. कन्नड आवृत्ती बेळगावात लगेच मिळत होती. मराठीसाठी मात्र आमच्या चर्चच्या मंडळीतला एकजण कोल्हापूरला निघाला होता, त्याला सांगावं लागलं. साडेसहाशे रुपये पडले. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारही आहे.

छपाई चांगली. शाई काळीभोर, एकसारखी. जोडाक्षरं फुटलेली नाहीत, रफार आणि मात्रा जागच्या जागी. स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं कवितेसारख्या ओळी तोडून छापलीत, ती तर चष्मा नाकावर सरकलेला असतानाही वाचता येतात. कागद पातळ आहे, त्याला इलाज नाही. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, तेही मोठ्या टायपात. वहीचा कागद वापरला तर ते पुस्तक उचलायला दोन माणसं लागतील. खरं ट्यूबलाइटखाली मागच्या पानाची अक्षरं पुढं डोकावतात. दिवसा खिडकीत बसून वाचलं तर त्रास नाही.

शिवण जुजबंदीची आहे, नुसत्या गमावर भागवलेलं नाही. मधोमध उघडून टेबलावर ठेवलं तर पालथं न पडता सरळ पडून राहतं. तक्रार आहे ती पुठ्ठ्याच्या सांध्याची. तिसऱ्याच महिन्यात पुढचा पुठ्ठा कण्यापासून सुटायला लागला. आत कापडाची पट्टी हवी होती तिथं नुसता कागद चिकटवलेला. मी घरीच मलमलीची पट्टी लावून, खळ घालून, रात्रभर वजनाखाली ठेवला. माझं काम झालं, पण सगळ्यांच्या घरी बाइंडर नसतो.

आता समास. बाहेरचा समास मी फूटपट्टीनं मोजला: पाऊण इंच. बायबलाला एवढा समास सहसा कुणी सोडत नाही. हे मोजताना माझा हात थांबला, त्याचं कारण सांगतो.

१९९७ साली पावसाळ्यात एक आजी नवऱ्याचं बायबल घेऊन दुकानात आल्या होत्या. नवरा मिलिटरीत होता, वारून दोन वर्षं झाली होती. पुस्तकाच्या कडा पिंजलेल्या, कोपरे दुमडलेले. शिवून झाल्यावर सवयीनं कटिंग मशीनला लावलं आणि तिन्ही बाजू पाव-पाव इंच उडवल्या. खाली कातरणीचा ढीग पडला, त्यात पेन्सिलीची अक्षरं दिसली. उघडून बघितलं तर समासात सगळीकडं नवऱ्याच्या हातचं बारीक लिहिलेलं. तारखा, गावांची नावं. एका ठिकाणी नुसतं ‘तेजपू’ उरलेलं, ‘र’ कातरणीत गेलेला. गुंतलेल्या पट्ट्या जुळवायचा प्रयत्नसुद्धा मी केला नाही. पोत्यात भरून रद्दीला घातल्या. आजींना काही बोललो नाही. त्यांनी चाळीस रुपये दिले, वर घरचे चिरमुरे आणले होते ते दिले, म्हणाल्या, “छान केलास रे बाळा.” पुढं काही वर्षांनी त्या गेल्या.

तेव्हापासून प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पुढं जाताना पायात गोळे येत. मनःशांती मिळावी म्हणून उपवासप्रार्थना केल्या, चर्चच्या खिडक्या फुकट रंगवून दिल्या. दोन दिवस बरं वाटायचं, मग कटरचा आवाज आला की परत तेच.

हे नवं बायबल घेतल्यावर मी त्यातलं रोमकरांस पत्र, पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेलं, पहिल्यांदा सलग वाचलं. पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ‘देवाबरोबर शांती’ आहे. पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, “फिलिप्पैकरांस पत्रात ‘देवाची शांती’ म्हटलंय, ती तुझ्या मनाला राखते. ही त्याच्याआधीची. भांडण मिटल्यावर दोन पक्षांत असते ती.” आणखी एक गंमत त्यांनी सांगितली. मूळ ग्रीक हस्तलिखितांत काही ठिकाणी ‘आपल्याला शांती आहे’ असं आहे, तर काही ठिकाणी ‘आपल्याला शांती असू द्या’ असं. फरक एका स्वराचा, ओमिक्रॉन की ओमेगा. म्हणजे आपल्याकडचा ऱ्हस्व-दीर्घाचाच म्हणा. प्रूफं वाचणाऱ्याला विचारा, एका वेलांटीपायी काय होतं ते.

त्याच अध्यायात पुढं ‘समेट’ हा शब्द येतो, तोही आपण शत्रू असतानाच देवानं केलेला. आम्हा सीमाभागातल्या माणसांचं या शब्दाशी जुनं भांडण आहे. आमचा प्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. समेट म्हटलं की आम्हाला तारखाच आठवतात. मीही देवाशी तशाच तारखा घेत बसलो होतो. आधी खिडक्या रंगवतो, मग बघू. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय मला पाठ होता, लबाडीनं घेतलेलं चौपट परत करीन म्हणणारा. पण तो हे म्हणतो ते येशू त्याच्या घरी उतरायला आल्यावर. पैसे भरून पाहुणा बोलावलेला नाही. ही साधी गोष्ट इतकी वर्षं लक्षात आली नव्हती. त्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी बराच वेळ बसलो. रडलो, लपवायचं काय त्यात. प्रार्थना दोन ओळींची झाली.

पुढच्या आठवड्यात खानापूरची बस धरली. आजींची मुलगी तिकडंच दिली आहे, पत्ता मंडळीतून मिळाला. ओट्यावर बसूनच सगळं सांगितलं. ती बाई तांदूळ निवडत होती, सूप हातातच राहिलं. मग म्हणाली, “आईला कळलेलं होतं की. तिला वाचायला कुठं येत होतं? खरं रोज हात फिरवायची. पुस्तक बारीक झालंय म्हणाली, कड हाताला लागत नाही म्हणाली.” मी विचारलं, “मग मला का बोलल्या नाहीत?” ती म्हणाली, “मीपण तेच विचारलो. कापायचं म्हणून कापलं नसेल म्हणाली त्यानं, आणि गप बसली.” चहा दिला. मी माफी मागितली, तिनं मान हलवली. रागात होती की नव्हती, मला समजलं नाही. बायबल बघायला मागायचं धाडस झालं नाही. निघताना तिनंच आणून दाखवलं. माझी शिवण अजून घट्ट होती. ‘तेजपू’ तसंच होतं.

मनाला अजूनही कधी कधी टोचतं, नाही असं नाही. पण प्रभुभोजनाला आता पाय धरत नाहीत.

तर पुस्तकाविषयी. घ्यावं असं नक्की सांगेन, विशेषतः घरात साठीपुढचं माणूस असेल तर. मराठीही समजेल अशी आहे, ‘नीतिमान’, ‘तारण’ असे चर्चमधले शब्द सोडले तर. आपल्याकडं मराठी बायबलामागं फार राबलेत लोक: बंगालमधल्या सिरामपूरला १८११ मध्ये नवा करार छापून निघाला, आणि पंडिता रमाबाईंचं भाषांतर त्या गेल्यावर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडलं. एवढी परंपरा असताना सांध्यात वीतभर कापड घालायला कुणाची हरकत नसावी. वाचनखुणेची फीतही एकच आहे, दोन हव्या होत्या.

पुठ्ठा सुटला तर बाइंडरकडं द्या, खर्च फार येत नाही. देताना एवढंच सांगा: कटरला लावू नको. कडा पिंजलेल्या असल्या तरी राहू देत.