वॉकर बूट: साडेतीन स्टार, बाकी काम पायानेच केलं

जिना उतरताना पाय मुरगळला, घोट्याच्या बाहेरच्या बारीक हाडाला तडा गेला आणि शेजारचं लिगामेंटही (हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट पट्टा) दुखावलं. प्लास्टरऐवजी वॉकर बूट, म्हणजे घोटा जखडून ठेवणारा पट्ट्यांचा उंच बूट मिळाला, सहा आठवडे घातलाय म्हणून लिहितेय.

बूट चांगलाय. घोटा हलत नाही, तळ गोलसर असल्यामुळे पाऊल न वाकवता पुढे टाकता येतं, आणि पट्टे सैल करता येतात हे पहिल्या आठवड्यात फार कामाचं, कारण सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी सुजेमुळे काचायचा. त्या सुजेवर मी जाम वैतागले होते, पण फिजिओ म्हणाली दुरुस्ती तिथूनच सुरू होते, रक्त साकळतं, पेशी येऊन मोडतोड साफ करतात आणि मग नवीन बांधकाम.

वैताग म्हणजे उंची. हा पाय वर, तो खाली, चार दिवसात कंबर धरली. दुसऱ्या पायात जाड सोलचा बूट घालाच. वेलक्रोत केस-धागे अडकून शेवटी पकडच गेली.

तिसऱ्या आठवड्यात दुखायचं थांबलं, मला वाटलं झालं बरं, बूट काढून घरभर फिरले आणि रात्री असा ठणका लागला की बस. तोवर तिथे कुर्चेसारखं मऊ काहीतरी जुळलेलं असतं म्हणे, ते कडक व्हायला अजून काही आठवडे जातात. सहाव्या आठवड्याच्या एक्सरेत तड्यापाशी ढगासारखा पांढुरका फुगवटा दिसला, मी घाबरले, तर तोच कॅलस, म्हणजे तडा सांधणारं ते नवीन बांधकाम! नंतर शरीरच तो हळूहळू झिजवून हाड पूर्ववत करतं, त्याला महिनोन्महिने लागतात.

लिगामेंटसाठी मात्र नुसता बूट पुरत नाही. हाड हाडानेच भरतं, लिगामेंट व्रणाच्या तंतूंनी, ते आधी कसेही पडतात आणि बेताचा ताण मिळाला की त्या दिशेने लागतात, म्हणजे व्यायामाला पर्याय नाही. बूट काढल्यावर बारीक झालेली पोटरी बघून धस्स झालं, एका पायावर दहा सेकंद उभं राहवेना. आता रोज दात घासताना तेच करते, बेसिनला धरून.

दीड स्टार कापला तो वेलक्रो आणि कंबरेचा. बूट डाव्या-उजव्या दोन्ही पायांना चालतो, तेव्हा घरात पुढचा नंबर कुणाचा असेल त्याची साइज बघून घ्या.